विघटनशील खरे, पण कोठे आणि किती दिवसांत?

विज्ञानविषयक बातम्यांत अलीकडे ‘जैवविघटनशील’ हे विशेषण फार सढळ हाताने वापरले जाऊ लागले आहे. पिशवी जैवविघटनशील, चमचा जैवविघटनशील, शस्त्रक्रियेतील टाके जैवविघटनशील, औषध वाहून नेणारे सूक्ष्मकण जैवविघटनशील आणि आता गोळ्यांची पट्टीही जैवविघटनशील. वाचणाऱ्याच्या मनात या सर्वांची एकच प्रतिमा उमटते: काम संपले की मुकाट्याने मातीत मिसळून जाणारी, कोणाला उपद्रव न देणारी वस्तू. औषधनिर्माणाच्या बाबतीत ही प्रतिमा दिशाभूल करणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. औषध शरीरात पोचवण्यासाठी विघटनशील बहुवारिके, म्हणजे पॉलिमर, वापरणे हे गेल्या अर्धशतकातील वैद्यकाचे मोठे यश आहे. तोच गुण गोळीला थेट स्पर्श करणाऱ्या वेष्टनाला घाईघाईने चिकटवणे मात्र रुग्णाच्या हिताचे नाही. निदान आपल्या हवामानात तरी नाही.

हा विषय तंजावरच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. मराठी वाचकाला हे शहर भोसले घराण्याच्या राजवटीमुळे ठाऊक असते. दुसरे सरफोजीराजे यांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध झाले, आणि धन्वंतरी महालात देशी व युरोपीय वैद्यकाचा अभ्यास एकत्र चालला. त्या काळच्या नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी आजही जपलेल्या आहेत. आजच्या तंजावरात आपल्या विषयाची दोन टोके शेजारी शेजारी नांदतात. शहराबाहेर तिरुमलैसमुद्रम येथे शास्त्र अभिमत विद्यापीठ आहे आणि तेथील नॅनोतंत्रज्ञान व प्रगत जैवपदार्थ केंद्रात ऊती-अभियांत्रिकी आणि औषधवहन यांवर काम चालते. दुसरीकडे निफ्टेम ही राष्ट्रीय अन्नतंत्रज्ञान संस्था आहे. भातप्रक्रियेच्या संशोधन केंद्रातून ती वाढली आणि २०२१ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. अन्नाचे वेष्टन आणि साठवण हा तिचा नित्याचा विषय. या दोहोंवर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचे उष्ण, दमट हवामान. विघटनशील बहुवारिकाची खरी परीक्षा घ्यायची असेल, तर याहून चोख जागा शोधून सापडणार नाही.

सरस्वती महालातील ताडपत्रांपासून आरंभ करू. ताडपत्र म्हणजे मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन, दोन्ही निसर्गनिर्मित बहुवारिके. ताडाचे पान शेताच्या बांधावर पडले, तर काही पावसाळ्यांत त्याची माती होते. तेच पान वाळवून, शिजवून, गवती चहाचे तेल लावून, लाकडी फळ्यांत बांधून आणि कापडात गुंडाळून ठेवले, तर काही शतके टिकते. पान तेच, रसायन तेच. बदलले ते पाणी, उष्णता, बुरशी, कीटक आणि माणसाची निगराणी. म्हणून ‘हा पदार्थ जैवविघटनशील आहे’ हे वाक्य अर्धेच असते. कोणत्या परिसरात, किती तापमानाला, किती काळात आणि शेवटी कशात रूपांतर होऊन, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला शास्त्रीय अर्थ येत नाही.

शरीराच्या आत ही चारही उत्तरे बऱ्याच अंशी ठरलेली असतात, आणि औषधवहनातील यशाचे रहस्य तेथेच आहे. मानवी शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, ऊतींमधील द्रवाची सामूसंख्या ७.४ च्या जवळ, पाणी मुबलक. रसायनशास्त्रज्ञाला इतकी शिस्तबद्ध प्रयोगशाळा बाहेर क्वचित लाभते. १९७० च्या दशकाच्या आरंभी पॉलिग्लायकोलिक आम्लाचे, आपोआप विरघळणारे शिवणीचे धागे बाजारात आले. त्यापूर्वी मेंढीच्या आतड्यापासून काढलेला कॅटगट वापरीत. तोही विरे, पण केव्हा विरेल याची खात्री कमी. नव्या धाग्याने शल्यविशारदाला वेळापत्रक दिले: जखम भरेपर्यंत ताण सोसायचा आणि मग निघून जायचे.

पुढची पायरी औषधाची. पॉलिलॅक्टिक आणि पॉलिग्लायकोलिक आम्ल यांच्या मिश्र साखळीला पीएलजीए म्हणतात. तिच्या सूक्ष्म गोलकांत औषध कोंडून स्नायूत टोचले, की पाणी हळूहळू आत झिरपते, साखळीतील एस्टर बंध एकेक करून तुटतात, गोलक झिजतो आणि औषध बाहेर पडते. शेवटी उरते लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकोलिक आम्ल. पहिले तर आपले स्नायू रोज तयार करतात. दोन्ही शरीराच्या नेहमीच्या चयापचयात सामावून जातात. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील ल्युप्रोलाइड हे औषध याच पद्धतीने महिन्याला एकदा टोचण्याच्या रूपात १९८९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याआधी तेच औषध रोज टोचावे लागे. मला या उदाहरणातील पुढचा भाग अधिक बोलका वाटतो: महिनाभर पुरणाऱ्या रूपात लॅक्टिक-ग्लायकोलिक मिश्र साखळी आहे, तर तीन महिने पुरणाऱ्या रूपात केवळ पॉलिलॅक्टिक आम्ल. ग्लायकोलिकचा वाटा काढून टाकला की साखळी पाण्याला अधिक दाद देईनाशी होते आणि घड्याळ मंद चालते. येथे विघटन हा गुणविशेष उरत नाही, ते यंत्र होते. त्याला चावी देता येते. १९९६ मध्ये मान्य झालेली मेंदूतील अर्बुदासाठीची चकतीही याच विचारातून आली. शस्त्रक्रियेनंतर रिकाम्या झालेल्या पोकळीत ती ठेवायची. पॉलिअनहायड्राइडचा तिचा पृष्ठभाग साबणाच्या वडीसारखा बाहेरून झिजत जातो आणि कर्करोगविरोधी औषध तेथल्या तेथे मिळते.

हे सारे सुरळीत चालते असा समज मात्र करून घेऊ नये. पीएलजीएच्या गोलकात तयार झालेले आम्ल आत साचते आणि तेच पुढच्या बंधांचे तुटणे वेगवान करते. त्यामुळे गोलक बाहेरून शाबूत दिसत असताना आतून पोखरला जातो. टोचल्यावर पहिल्या दिवशीच औषधाचा मोठा वाटा एकदम सुटणे ही जुनी डोकेदुखी आहे. घटकपदार्थ तंतोतंत तेच ठेवूनही द्रावक, ढवळण्याचा वेग किंवा वाळवण्याची रीत बदलली, की औषध सुटण्याचा आलेख बदलतो. म्हणूनच या वर्गातील औषधांच्या स्वस्त प्रतिकृती करणे साध्या गोळीच्या प्रतिकृतीइतके सोपे नाही. शिवाय दीर्घकाळ पुरणारे प्रत्येक इंजेक्शन बहुवारिकाचे असते असेही नव्हे. एचआयव्हीवरील कॅबोटेग्रॅव्हिर हे दीर्घप्रभावी औषध आपल्या अतिसूक्ष्म, कमी विरघळणाऱ्या स्फटिकांच्या बळावर टिकते. तेथे पीएलजीएचा संबंध नाही. जिथे औषध स्वतःच सावकाश विरघळते, तिथे उगाच बहुवारिकाची भर कशाला?

आता गोळीच्या पट्टीकडे येऊ, आणि त्यासाठी ॲस्पिरिनचे उदाहरण पुरेसे आहे. ॲस्पिरिनच्या जुन्या बाटलीचे झाकण उघडले की कधी कधी शिर्क्यासारखा, म्हणजे व्हिनेगरसारखा वास येतो. ॲस्पिरिनच्या रेणूत एक एस्टर बंध असतो. हवेतील बाष्प त्या बंधावर हल्ला करते आणि रेणू फुटून सॅलिसिलिक आम्ल व ॲसेटिक आम्ल तयार होते. वास त्या ॲसेटिक आम्लाचा. विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. पीएलजीएचा गोलक शरीरात झिजतो तो एस्टर बंधाच्या जलविच्छेदनाने, आणि ॲस्पिरिन कपाटात बिघडते तेही एस्टर बंधाच्या जलविच्छेदनाने. अभिक्रिया एकाच जातीची आहे. पहिल्या ठिकाणी ती उपचार करते, दुसऱ्या ठिकाणी औषधाचा नाश करते. पट्टीचे सर्वांत मोठे काम कोणते, तर पाण्याला गोळीपर्यंत पोचू न देणे. आता ज्या पदार्थाचे कौतुक ‘पाणी लागले की तुटतो’ म्हणून करायचे, त्यालाच पाण्याविरुद्ध पहाऱ्यावर बसवायचे, यातला विरोधाभास बातम्यांत क्वचितच दिसतो.

आपली नेहमीची पट्टी दोन प्रकारची. एकीत पारदर्शक पीव्हीसीचे खळगे असतात आणि मागे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. दुसरीत दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम, जिला औषधविक्रेते ‘अलु-अलु’ म्हणतात. ॲमॉक्सिसिलिनबरोबर दिले जाणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दमटपणाला इतके हळवे असते, की ते दुसऱ्या प्रकारच्या पट्टीतच बहुधा सापडते. पीव्हीसी बाष्प पूर्ण अडवत नाही म्हणून त्यावर पीव्हीडीसीचा थर देतात. पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजे पीएलएचा, पापुद्रा या बाबतीत पीव्हीसीच्याही मागे आहे. त्यातून बाष्प अधिक सहज जाते. शिवाय ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या सुमारास तो मऊ पडू लागतो. मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या बंद ट्रकच्या आत काय तापमान असते, याची कल्पना तामिळनाडूत किंवा विदर्भात राहणाऱ्याला वेगळी द्यायला नको. उष्ण आणि अतिदमट प्रदेशांसाठी औषधाच्या टिकाऊपणाची दीर्घकालीन चाचणी ३० अंश सेल्सिअस व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला घेतली जाते, आणि त्वरित चाचणी ४० अंश व ७५ टक्क्यांना सहा महिने. थंड, कोरड्या देशातील प्रयोगशाळेत उत्तम ठरलेला पापुद्रा या अटींत, खऱ्या औषधासह, टिकला की नाही, हे सांगितल्याशिवाय त्याची बातमी अपुरी समजावी.

औषधाला मुदत असते ही जाणीव काही आधुनिक नाही. शार्ङ्गधरसंहितेत चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी क्षीण होते आणि गुटिकेचे वर्षभराने, असा भेद केला आहे. चूर्णाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून दमटपणा त्याला आधी गाठतो, हे आजच्या भाषेतील स्पष्टीकरण त्याला चपखल बसते.

तामिळनाडूच्या बाबतीत पट्टीला आणखी एक महत्त्व आहे. १९९४ मध्ये राज्याने सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीसाठी तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. पुढे अनेक राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. मोठ्या डब्यांतून येणाऱ्या सुट्या गोळ्यांऐवजी पट्टीबंद गोळ्या घेण्याचा आग्रह हा या व्यवस्थेतील महत्त्वाचा बदल होता. सुट्या गोळ्या कागदी पुडीत बांधून दिल्या जात, तेव्हा त्यांवर नाव नसे, मुदत नसे, आणि पावसाळ्यात त्या ओलसर होत. पट्टीमुळे प्रत्येक गोळीला नाव, गट क्रमांक, मुदत आणि कोरडी खोली मिळाली. तंजावर जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मधुमेहाच्या गोळ्या घेऊन घरी जाणाऱ्या शेतमजूर स्त्रीच्या दृष्टीने ती पट्टी म्हणजे औषधाच्या खरेपणाची एकमेव हमी असते. पर्यावरणाच्या नावाने तिच्यात बदल करायचा असेल, तर बदल करणाऱ्याने ही हमी कमी होणार नाही हे आधी सिद्ध करावे. पुरावा देण्याचा भार त्याच्यावर आहे.

याचा अर्थ पट्टीचा कचरा हा प्रश्नच नाही, असे मी म्हणत नाही. दिवसाला तीन गोळ्या घेणारा रुग्ण वर्षाला १,०९५ गोळ्या घेतो. दहाची पट्टी धरली तर सुमारे ११० रिकाम्या पट्ट्या, एका माणसाच्या. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम एकमेकांना घट्ट चिकटवलेले असल्यामुळे भंगारवाला त्या घेत नाही. पीव्हीसीत क्लोरीन असते. उकिरड्यावर ते जळले की हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत जातात. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर द्यावेच लागेल. पण पीएलए हे ते उत्तर आहे काय?

पीएलएला खतात रूपांतरित होण्यासाठी साधारण ५८ अंश सेल्सिअस तापमान, ओल आणि जंतूंची सतत वर्दळ लागते, म्हणजे औद्योगिक खतनिर्मिती केंद्र लागते. ‘कंपोस्टेबल’, म्हणजे खतयोग्य, प्लॅस्टिकसाठी आपल्याकडे मानलेले आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक याच परिस्थितीत १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर मागते. कालव्याच्या पाण्यात, समुद्रात किंवा घरामागच्या मातीत तोच पीएलए दीर्घकाळ जसाच्या तसा राहू शकतो. म्हणजे कावेरीच्या कालव्यात पडलेली पीव्हीसीची पट्टी आणि पीएलएची पट्टी यांत पहिल्या पावसाळ्यानंतर डोळ्यांना फारसा फरक दिसायचा नाही. त्यातही औषधाच्या पट्टीत गोळीचे अवशेष असतात. प्रतिजैविकाची भुकटी चिकटलेली पट्टी खताच्या ढिगात जावी, अशी आपली खरोखर इच्छा आहे का? प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंनी आधीच घेरलेल्या देशात हा प्रश्न विनोदाने विचारण्यासारखा नाही.

नियमांची भाषा मात्र हळूहळू नेमकी होत आहे, हे मान्य केले पाहिजे. एकदाच वापरायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. २०२४ च्या सुधारणेत जैवविघटनशील प्लॅस्टिकच्या व्याख्येत, मागे सूक्ष्मप्लॅस्टिक राहता कामा नये, ही अट आली. ती चांगलीच आहे. ‘तुकडे होणे’ आणि ‘विघटन होणे’ यांतील फरक जाहिरातदारांनी वर्षानुवर्षे पुसून टाकला होता. केवळ उन्हात तुकडे पडणाऱ्या ऑक्सो-विघटनशील प्लॅस्टिकला युरोपीय संघाने २०२१ मध्ये बाजारातून हद्दपार केले, ते याच कारणाने.

आणखी एक गंमत, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पीएलजीएवर आधारलेली इंजेक्शने शरीरात सुरेख विरतात. पण कपाटात विरू नयेत म्हणून त्यांना कडेकोट बंदोबस्त लागतो. अनेक उत्पादने २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागतात, काचेची कुपी, रबरी बूच, ॲल्युमिनियमची टोपी आणि वेगळा द्रावक यांसह. म्हणजे अतिशय विघटनशील औषधाचे रक्षण अजिबात विघटन न होणाऱ्या वेष्टनाकडे सोपवलेले आहे. यात काही चुकीचे नाही. आत विघटन व्हावे म्हणूनच बाहेर ते होऊ नये, हा तर्क शुद्ध आहे. ‘महिन्याला एक इंजेक्शन म्हणजे तीस दिवसांच्या पट्ट्यांची बचत’ असा हिशेब मांडणाऱ्यांनी कुपी, सिरिंज, सुई आणि शीतसाखळीची वीज हीही त्याच वहीत लिहावी, एवढेच.

वेष्टन आणि औषधवहन ही दोन्ही कामे एकाच विघटनशील पदार्थाने नांदवल्याचे एक जुने उदाहरण आपल्या रोजच्या वापरात आहे, आणि ते म्हणजे कॅप्सूल. जिलेटिनच्या कॅप्सूलचे पहिले पेटंट १८३४ मध्ये फ्रान्समध्ये घेतले गेले. तिची टोपी भुकटीला हाताळण्याजोगे वेष्टन देते, चव झाकते आणि पोटात काही मिनिटांत विरघळते. परंतु जिलेटिनच्या कवचात १३ ते १६ टक्के पाणी असावे लागते. त्याहून कमी झाले की कवच तडकते आणि अधिक झाले की चिकट होते. कॅप्सूल कधीच उघडी विकली जात नाही, ती पट्टीत किंवा घट्ट झाकणाच्या बाटलीत असते, ती याचसाठी. जवळजवळ दोनशे वर्षांच्या अनुभवाने औषधशास्त्राने श्रमविभागणी ठरवली आहे: आतले आवरण विरघळणारे, बाहेरचे न विरघळणारे.

मग विघटनशील पदार्थांना वेष्टनात जागाच नाही का? आहे, आणि बरीच आहे. फक्त ती गोळीपासून एक पायरी दूर आहे. इंजेक्शनच्या कुप्या ज्या प्लॅस्टिकच्या तबकात रचलेल्या असतात ते तबक, खोक्यातील भरणा, खोक्यावरचे चकचकीत प्लॅस्टिकचे आवरण, वाहतुकीतील थर्माकोल: यांपैकी कशाचाही औषधाला स्पर्श होत नाही आणि कशालाही बाष्प अडवायचे नसते. येथे कागदाचा साचेबंद लगदा चालेल, शेतातील तंतूंचा लगदाही चालेल. तंजावर हे तामिळनाडूचे भाताचे कोठार. पेंढा तेथे भरपूर. पण शहरी लेखांत पेंढ्याला सरसकट ‘शेतीचा कचरा’ म्हणतात ते खटकते. कावेरीकाठच्या शेतकऱ्याच्या हिशेबी पेंढा हा गुरांचा चारा असतो आणि त्याला बाजारभाव असतो. तो वेष्टनासाठी हवा असेल, तर चाऱ्याच्या भावाशी स्पर्धा करून विकत घ्यावा लागेल. गोळीला स्पर्श करणाऱ्या पट्टीपुरते बोलायचे, तर पीव्हीसी सोडून पत्रा व खळगा शक्यतो एकाच जातीच्या, पुनर्वापर करता येण्याजोग्या पदार्थाचे करणे आणि दोन गोळ्यांसाठी तळहाताएवढी पट्टी छापण्याची खोड मोडणे, हे उपाय अधिक फळ देतील. त्यांत चमक नाही, म्हणून त्यांची बातमी होत नाही.

हा मुद्दा आताच मांडण्याचे कारण देशातील घडामोडींत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळ जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीजचे जैवबहुवारिकांचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी बलरामपूर चिनी मिल्सने उत्तर प्रदेशात वर्षाला ७५ हजार टन क्षमतेचा पीएलए कारखाना उभारण्याची घोषणा केली. उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून पीएलए, ही साखळी देशात उभी राहणे स्वागतार्ह आहे. साखर कारखानदारीत गुंतलेल्या महाराष्ट्राला तर त्यात विशेष रस असायला हवा. पण हजारो टनांचा माल तयार झाला की तो खपवण्यासाठी नवे उपयोग शोधले जातात, आणि औषधाचे वेष्टन हा त्यांतील प्रतिष्ठेचा उपयोग ठरेल. तेथेच सावध राहायचे. पिशवीच्या प्रतीचा पीएलए आणि शरीरात टोचण्याच्या प्रतीचे पीएलजीए यांचे कुळ एक असले, तरी संस्कार निराळे. दुसऱ्यात साखळ्यांच्या लांबीचा फैलाव, उरलेले एकवारिक, कथिलयुक्त उत्प्रेरकाचा अंश आणि निर्जंतुकता यांवर कठोर मर्यादा असतात. पहिल्याचे टनावारी उत्पादन म्हणजे दुसऱ्यात स्वावलंबन, असा अर्थ कोणी लावू नये.

संशोधनासाठी पैसा मर्यादित असतो. तो कोठे जावा, असे मला विचारले, तर विघटनशील बहुवारिकांचा पहिला हक्क औषधवहनाचा, असे मी सांगेन. क्षयाच्या रुग्णाला साधारण सहा महिने रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि बरे वाटू लागले की त्या सोडून देण्याचा मोह प्रबळ असतो. त्या सहा महिन्यांतील काही भाग जरी दीर्घप्रभावी इंजेक्शनावर सोपवता आला, तरी लाभ प्रचंड होईल. क्षयाच्या औषधांची मात्रा मोठी असते, ती गोलकात मावत नाही. एकाच वेळी तीन-चार औषधे लागतात. आणि दुष्परिणाम झाला तर टोचलेले औषध परत काढता येत नाही. हे अडथळे खरे आहेत. म्हणूनच तेथे बुद्धिमान विद्यार्थ्यांची गरज आहे.

वेष्टनाच्या बाजूला संशोधन करायचे असेल, तर ते तंजावरसारख्या ठिकाणी व्हावे आणि दोन्ही संस्थांच्या लोकांनी मिळून करावे. एस्टर बंध कधी आणि कसा तुटतो, हे जैवपदार्थांचा अभ्यासक जाणतो. दमट गोदामात बिस्किटाचा कुरकुरीतपणा का जातो, हे अन्नतंत्रज्ञ जाणतो. पहिला विघटन घडवण्यात वाकबगार, दुसरा ते लांबवण्यात. एका पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यात बसेल असा प्रयोग मी सुचवतो. ॲस्पिरिनच्या गोळ्या चार प्रकारच्या पट्ट्यांत भराव्यात: पीव्हीसी, पीव्हीडीसीचा थर दिलेले पीव्हीसी, अलु-अलु आणि पीएलए. त्या ३० अंश व ७५ टक्के आर्द्रतेच्या कक्षात ठेवाव्यात, आणि त्यांचाच एक जोडसंच तंजावरातील एखाद्या साध्या, वातानुकूलन नसलेल्या औषध दुकानाच्या फळीवर, ऐन ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबर. दर महिन्याला दोन मोजमापे घ्यावीत: गोळीत सॅलिसिलिक आम्ल किती झाले आणि पीएलएच्या साखळीचा सरासरी रेणुभार किती घटला. रिकाम्या पट्ट्यांचे तुकडे भाताच्या खाचरातील चिखलात, कालव्याच्या पाण्यात आणि नगरपालिकेच्या कचऱ्याच्या ढिगात पुरून वर्षभराने उकरावेत आणि वजन करावे. उपकरणे बहुतेक चांगल्या विद्यापीठांत असतात. अशा एका तक्त्यात पट्टीने औषध किती दिवस राखले आणि ती स्वतः किती दिवसांत गेली, हे दोन आकडे शेजारी शेजारी येतील. पुढच्या वेळी जैवविघटनशील पट्टीची बातमी वाचनात आली, तर तिच्यात हे दोन आकडे आहेत का ते पाहावे, आणि नसतील तर खाली प्रतिक्रियेत ते विचारावेत.